जेटी कोणत्या फांदीला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिल्हा काउन्सिलने पाठवलेली टेगन नावाची मुलगी आज आमच्या वाचनालयात आली आणि विचार कसा करायचा ते शिकवून गेली. मी आयुष्यभर या गावच्या शाळेत उपमुख्याध्यापिका होते. अर्ध्या पोर्ट लॅम्बर्नकडून पाढे मी घोकून घेतलेत. पण विचार करायला मात्र आम्हाला अ‍ॅडलेडहून कुणीतरी मागवावं लागतं. तिच्या नाकात खडा, आणि पहिल्याच भेटीत ती मला ‘वर्ना’ म्हणते.

निमित्त असं की, काउन्सिलला यंदा प्रत्येक गावाकडून पुढच्या काही वर्षांचा आराखडा हवाय आणि तो म्हणे कागदावर चालत नाही. संगणकावर माइंड मॅप काढायचा. मधोमध एक गोल, त्यात गावाचं नाव. गोलातून फांद्या निघणार: आरोग्य, शाळा, मासेमारी, सुरक्षा, पर्यटन. मग गावाला काय काय हवंय ते एकेका फांदीला लटकवायचं. हेच मी सहावीच्या मुलांना फळ्यावर खडूने काढून दाखवायची. त्याचे कुणाकडून पैसे मात्र घेत नव्हते.

इथवर ठीक होतं. पुढे टेगन म्हणाली, “आता गंमत बघा. एक कल्पना एकाच फांदीला असली पाहिजे असं मुळीच नाही. ही कळ दाबून धरायची, कल्पनेपासून रेघ ओढायची आणि दुसऱ्या फांदीवर सोडायची. झालं! आता तिला दोन पालक. हवे तर तीन करा, चार करा.”

मी हात वर केला. “मग ती वस्तू नक्की आहे कुठे?”

“सगळीकडे!”

“म्हणजे कुठेच नाही.”

“नाही नाही, वर्ना. उलट त्यातच फायदा आहे. उद्या एखादी फांदी काढून टाकली, तरी कल्पना पडत नाही. दुसऱ्या फांदीला धरून राहते.”

“म्हणजे चार बापांचं एक पोर!” मागून डॅरिल पास्को ओरडला आणि सगळे खिदळले. हा डॅरिल आमच्या गावाच्या प्रगती मंडळाचा अध्यक्ष. पेट्रोल पंप चालवतो, मासे धरायचं आमिष विकतो आणि सातवीत याला अपूर्णांक येत नव्हते. मी मंडळाची सचिव आहे, म्हणून मंडळ चालतं.

एक वस्तू, एक जागा. माझ्या शाळेत कात्री नेहमी कात्रीच्या खणातच सापडायची. ज्यांना कात्री कुठे ठेवायची ते ठरवता येत नाही, ते लोक असली सॉफ्टवेअर बनवतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

टेगनने खायला दुकानातून आणलेला चण्याचा लगदा आणि गाजराचे तुकडे ठेवले होते. मी घरून भाजून नेलेले स्कोन सगळ्यात आधी संपले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझा नवरा कॉलिन सकाळपासून जेटीवर. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्याला शब्द सापडत नाहीत. वाक्य सुरू करतो आणि मध्येच अडकतो, तोंड उघडं ठेवून बघत राहतो. मग मी वाक्य पूर्ण करून देते. ‘मला... आज...’ एवढं म्हणाला की मी म्हणते, “स्क्विड पकडायला जायचंय. जा.” तो जातो. आमची गाडी सुरळीत चालली आहे.

वाचोपचारवाल्या बाईचं म्हणणं, थांबा, त्याला वेळ द्या. तिचं काय जातंय? दुपारच्या जेवणाआधी त्याचं ‘दुपारचं जेवण’ एवढं म्हणून व्हायला पाहिजे ना!

जेटीवर याचा एक दोस्त आहे. थान नावाचा म्हातारा, मूळचा व्हिएतनामचा. अ‍ॅडलेडच्या बाहेर भाजीचे मळे होते त्याचे, आता ते मुलांकडे सोपवून इथल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये येऊन राहिलाय. त्याचं इंग्रजी कधी धड आलंच नाही आणि कॉलिनचं आलेलं गेलं. दोघं दिवसभर एकाच कठड्याला टेकून असतात. एकमेकांशी काय बोलत असतील कोण जाणे. संध्याकाळी कॉलिन घरी येतो तेव्हा अंगाला स्क्विडच्या शाईचा वास असतो आणि तोंडाला कुलूप.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाची बैठक, गावच्या इन्स्टिट्यूट हॉलमध्ये. माझ्या लॅपटॉपवरचा माइंड मॅप भिंतीवर मोठा करून दाखवला. मी तो आधीच नीट काढून ठेवला होता. प्रत्येक गोष्ट आपापल्या फांदीला. वाटलं होतं, हो म्हणतील आणि चहा पिऊन घरी जातील.

पण जेटी आली आणि घोळ सुरू झाला. जेटीचे खांब खालून कुजलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ‘जेटीची दुरुस्ती’ ही कल्पना मी पर्यटनाच्या फांदीला लावली होती, कारण काउन्सिलच्या माहितीपत्रकावर जेटीचाच फोटो आहे.

डॅरिल म्हणाला, “बाई, पर्यटन कसलं? मासेमारीखाली घ्या. जेटी गेली तर आमिष काय मी माझ्या आजीला विकू?” आणि उठून त्याने कळ दाबून रेघ ओढलीसुद्धा. मग अ‍ॅम्ब्युलन्सवर स्वयंसेवक असलेली जॉयलीन उठली. “बुडणाऱ्याला बोटीतून उतरवायच्या पायऱ्या जेटीलाच आहेत. सुरक्षेला जोडा.” दुसरी रेघ. मग आताचे मुख्याध्यापक उठले. हा पोरगेला माणूस अजून मुलांशी मित्रासारखं वागतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. “उन्हाळी पोहण्याचे वर्ग जेटीवरच भरतात, शाळेलाही जोडू या.” तिसरी रेघ.

आणि मग कॉलिन उठला. त्याला मी फक्त स्कोनचे डबे उचलायला नेलं होतं. तो लॅपटॉपपाशी गेला, कळ दाबली आणि जेटीपासून आरोग्यापर्यंत रेघ ओढली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, “तिथे... मला...”

“हवा चांगली मिळते,” मी म्हटलं. “झालं, बस आता.”

तो बसला. जॉयलीनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणाला पाण्यात ढकललं. तिला काय माहीत, अशा माणसाबरोबर दिवस काढणं म्हणजे काय असतं!

शेवटी भिंतीवर जे दिसत होतं त्याला नकाशा म्हणायची माझी तयारी नाही. मांजराने लोकरीचा गुंडा उलगडावा तसा प्रकार. मधोमध जेटी आणि तिला पाच फांद्यांनी धरून ओढलेलं. सगळे मात्र खूश. “मस्त झालंय,” म्हणाले. शाळेत यांच्या वह्याही अशाच असायच्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आराखडा पाठवायचं काम सचिवाचं, म्हणजे माझं. माझ्या नावाने असला पसारा काउन्सिलमध्ये जाऊ देणार नव्हते. दुपारी बसले आणि जेटीच्या चार रेघा तोडल्या. दर वेळी ते सॉफ्टवेअर विचारतं, ‘नक्की काढून टाकायची का?’ आता यंत्रसुद्धा मला उलट विचारायला लागलं. नक्की. नक्की. नक्की. नक्की. जेटी पुन्हा पर्यटनाखाली गेली, एका रेघेवर, बघून डोळे निवले.

मग फांद्या महत्त्वाप्रमाणे लावायच्या होत्या. आरोग्य पहिलं, पर्यटन सगळ्यात शेवटी. पर्यटक म्हणजे कोण, तर आमच्या वाळूत पोरांचे लंगोट पुरून जाणारे आणि बेकरीतल्या खिम्याच्या पेस्टीला सॉस मागणारे. त्यांना यापेक्षा वरचा नंबर द्यायचं मला काही कारण दिसलं नाही.

कॉलिन चहा घेऊन मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, “वर्ना... ती... नको...”

“नकोय ना मला चहा आत्ता? बरोबर. ठेव तिथे, नंतर घेईन.”

त्याने कप ठेवला. पण हलला नाही. “ती...” पुन्हा तेच. “कामात आहे रे मी,” म्हटलं. मग टोपी घेऊन बाहेर पडला. चहा पार गार झाला.

३ मार्च, सोमवार

पाठवला. टेगनने लगेच उत्तर दिलं, ‘किती सुटसुटीत आहे!’ नाकात खडा असला तरी नजर आहे म्हणायची.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी डॅरिलचा फोन. हॅलो नाही, काही नाही. “बाई, जेटी गेली.”

मला वाटलं, वादळात पडली. पण आकाश निरभ्र होतं आणि खिडकीतून मला जेटी दिसत होती, होती तिथेच.

काउन्सिलने काय केलं, तर पैशांची तंगी आहे म्हणून प्रत्येक गावाच्या आराखड्यातली शेवटची फांदी सरसकट कापली. आमची शेवटची फांदी पर्यटन. तिच्याबरोबर व्हेल माशाचं भित्तिचित्र गेलं, स्वागताची कमान गेली, त्याबद्दल मी स्वतः त्यांचे आभार मानले असते. आणि जेटी गेली. दुरुस्ती नाही म्हणजे धोकादायक, धोकादायक म्हणजे बंद. जूनपासून कुंपण घालणार.

एवढे पगार घेणारी माणसं त्या काउन्सिलमध्ये बसली आहेत, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की समुद्रकाठच्या गावाला जेटी लागते. फांदी दिसली, कापली. इतकी बेअक्कल माणसं मी शाळेतसुद्धा पाहिली नाहीत. तिथे निदान ती वयाने लहान असायची.

डॅरिलने विचारलं, “पण बाई, आपण तर चार रेघा आणखी ओढल्या होत्या ना? टेगन म्हणाली होती, एक फांदी गेली तरी पडत नाही म्हणून.”

मी म्हटलं, गॅसवर काहीतरी ठेवलंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

हॉल भरला होता. प्रगती मंडळाच्या बैठकीला इतकी माणसं कधी येत नाहीत. काही बिघडलं की मात्र सगळ्यांना गावाचं प्रेम येतं.

डॅरिलने सरळच विचारलं, “रेघा कुणी काढून टाकल्या?”

लपवायचा माझा स्वभाव नाही. “मी काढून टाकल्या,” म्हटलं. “पसारा होता.”

“पसारा?” जॉयलीन उभी राहिली. “वर्ना, माझ्या बापाला त्याच पायऱ्यांवरून वर आणला होता गं. जिवंत आणला होता. आणि तू त्याला पसारा म्हणतेस?”

“मी रेघेबद्दल बोलतेय, तुझ्या वडिलांबद्दल नाही.”

“रेघ म्हणजे तेच होतं की!”

मग डॅरिल. “बाई, सातवीत तुम्ही मला बाकावर उभं केलंत, मी चूप राहिलो. पण आता बोलतोच. तुम्हाला वाटतं, गावात तुमच्याशिवाय कुणाला अक्कल नाही. आणि तुमच्या त्या अकलेने जेटी घालवली.”

मी या माणसाला वाचायला शिकवलं. मी माझी पिशवी उचलली आणि म्हटलं, “नवा सचिव शोधा.” कुणीही ‘नको नको’ म्हटलं नाही. दारापर्यंत मी सावकाश चालत गेले, म्हणायचंच असेल तर वेळ होता.

कॉलिन माझ्यामागे आला नाही. खुर्च्या रचायला थांबला.

३१ मार्च, सोमवार

टेगनचा फोन. कुणी कळवलं तिला कोण जाणे. म्हणाली, “वर्ना, अजून सगळं संपलेलं नाही. मे महिन्यात काउन्सिलची जाहीर सुनावणी आहे. तुम्ही नकाशा सुधारून पाठवू शकता. फक्त अट अशी आहे की, जितक्या फांद्यांना जेटी जोडाल, तितक्या माणसांनी तिथे उभं राहून बोलायचं. प्रत्येक रेघेमागे एक माणूस. नाहीतर ती रेघ धरणार नाहीत.”

“म्हणजे नाटक,” मी म्हटलं.

“हो, थोडंसं,” ती म्हणाली. निदान खोटं बोलत नाही.

मी सांगितलं, मी राजीनामा दिलाय, नकाशा माझ्या लॅपटॉपवर आहे, ज्याला हवा त्याने येऊन न्यावा. ती म्हणाली, “तुम्हीच का नाही करत?” मी म्हटलं, जोवर मला स्वतःला दिसत नाही की ती जेटी पाच ठिकाणी आहे, तोवर मी ती पाच ठिकाणी लावणार नाही.

२ एप्रिल, बुधवार

घर शांत आहे. कॉलिन आता वाक्य सुरूच करत नाही. मीठ हवं असेल तर उठून घेतो. बाहेर जायचं असेल तर टोपी घालतो आणि जातो. एका अर्थी बरंच आहे, माझा वेळ वाचतो. सारखं दुसऱ्याचं बोलणं निस्तरायचं म्हणजे काही कमी काम नाही.

पण आज भांडी विसळताना मी आपलं दोनदा मागे वळून बघितलं. तो काही म्हणाला असं वाटलं. म्हणाला नव्हता.

मला ही शिक्षा आहे, असं त्याला वाटत असेल तर वाटो. त्याने सुरूच केलं नाही तर मी पूर्ण तरी काय करू?

१० एप्रिल, गुरुवार

आज जेटीवर गेले. डॅरिल म्हणाला म्हणून नाही, टेगन म्हणाली म्हणूनही नाही. खांब खरोखर किती कुजलेत ते बघायला. थर्मास घेतला होता. कितीतरी वर्षांनी पाऊल टाकलं असेल. फळ्या करकरत होत्या, सगळीकडे स्क्विडच्या शाईचे डाग, सीगल पक्षी चोरासारखे घिरट्या घालत होते. यावर लोक जीव टाकतात!

टोकाला कॉलिन आणि थान, दोघं माझ्याकडे पाठ करून. आणि कॉलिन बोलत होता.

एखादा शब्द नव्हे. गोष्ट सांगत होता. त्याच्या बापाच्या शेतावर दुष्काळाच्या साली टाकीत मेंढी पडली होती, ती गोष्ट. लग्नानंतर ती मी इतक्यांदा ऐकली की शेवटी बंदच पाडली होती. “मग... बाबा... टाकीत... उतरले. बूट... घालून. आणि... मेंढी...” इथे तो थांबला. मी मनात म्हटलं, मेंढी वर आली आणि बाबा आत राहिले, सांग एकदाचं. थान आपली दोरी गुंडाळत होता. त्याने वरही पाहिलं नाही. समुद्राकडे बघत उभा. इतका वेळ गेला की मी असते तर स्वयंपाक आटोपला असता. मग कॉलिन म्हणाला, “मेंढी... त्यांच्या... डोक्यावर... पाय देऊन... गेली!” आणि दोघं हसायला लागले. कॉलिन असा हसत होता की त्याला कठडा धरावा लागला.

ती डोक्यावर पाय देऊन गेली हे मला माहीतच नव्हतं. तिथवर मी ती गोष्ट कधी जाऊच दिली नव्हती.

माझ्या पायाखालची फळी वाजली. कॉलिनने वळून पाहिलं आणि तोंड मिटलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे जमतं याला! माझ्यासमोरच दातखीळ बसते. झटका मेंदूचा होता की लबाडीचा?

थान म्हणाला, “नमस्कार, बाई. खेकड्याच्या जाळ्यावर पाय देऊ नका.”

मी विचारलं, “हा तुमच्याशी रोज एवढा बोलतो?”

“रोज. छान सांगतो.”

“आणि तुम्ही त्याला मध्ये शब्द सुचवत नाही?”

तो हसला. “मला शब्द माहीत पाहिजे ना आधी! पुढे काय येणार, मला काय माहीत? म्हणून ऐकतो.”

अडाणीपणाचा काय फायदा करून घेतलाय बघा. मी दोघांना थर्मासमधला चहा दिला. त्यानंतर कॉलिन काही बोलला नाही. मी निघाले तेव्हा मागे पुन्हा त्याचा आवाज सुरू झाला. जेटी संपेपर्यंत तो ऐकू येत होता आणि मी काही भराभर चालले नाही.

१२ एप्रिल, शनिवार

नकाशा उघडला. रेघ ओढायला गेले तर जेटी उचलून दुसऱ्या फांदीवर जायची, आणि पहिल्या फांदीची सुटायची. कोणती कळ दाबून धरायची ते मी विसरले होते, कारण त्या दिवशी मी ते तुच्छतेने ऐकलं होतं. शेवटी टेगनला फोन करावा लागला. तिने ‘मी म्हटलं होतं ना’ असं म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

रेघा ओढल्या. मासेमारीला डॅरिल बोलणार, सुरक्षेला जॉयलीन, शाळेला तो मित्र-मुख्याध्यापक, पर्यटनाला कॅरव्हॅन पार्कवाली. आरोग्याला कुणी मिळेना. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि म्हणतात, राजकारणात पडत नाही. जेटीला राजकारण म्हणणारा माणूस गावाची नाडी बघतो.

जेवताना मी हे कॉलिनला सांगत होते. त्याने काटा खाली ठेवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“तू? काउन्सिलपुढे? अरे, तिथे वेळेची घंटा वाजवतात!”

हात तसाच.

२३ एप्रिल, बुधवार

त्याच्यासाठी मी भाषण लिहून दिलं. अर्धं पान, मोठी अक्षरं, सोपे शब्द. सागरी हवा, व्यायाम, ज्येष्ठ नागरिक. अडलाच तर मी शेजारी उभी राहून वाचून दाखवणार होते. आज बघते तर तो कागद आमिषाच्या डब्यात, गार माशांच्या खाली अंथरलेला. लोक म्हणतात, झटक्याने माणसाचा स्वभाव बदलतो. हा आधी असा नव्हता. आधी मी लिहून दिलेलं वाचायचा.

१३ मे, मंगळवार

सुनावणी झाली.

काउन्सिलची नवी इमारत म्हणजे काचा आणि गालिचा. सदस्य उंचावर, आम्ही खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. एकजण खुशाल बिस्किट बुडवून खात होता. माइंड मॅप भिंतीवर लावला. जेटी मधोमध, पाच रेघा. महापौरबाई चष्मा सावरत म्हणाल्या, “जरा गुंतागुंतीचा दिसतोय.” आणि मी, मी चक्क त्यांना म्हटलं, “गाव तसंच आहे.” डॅरिलने चमकून माझ्याकडे पाहिलं.

डॅरिल बोलला, अपेक्षेपेक्षा बरा. जॉयलीन वडिलांबद्दल बोलली आणि बिस्किटवाल्याने बिस्किट खाली ठेवलं. कॅरव्हॅन पार्कवालीने सूर्यास्त वगैरे सांगितला, तो कुणी ऐकला नाही. मुख्याध्यापकाने पोरांची चित्रं दाखवली. मग महापौरबाई म्हणाल्या, “आरोग्य?”

कॉलिन उभा राहिला. नवा शर्ट मी इस्त्री करून दिला होता. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“घरी...” तो म्हणाला आणि अडकला.

शब्द माझ्या तोंडात तयार होते: घरी बसून कंटाळा येतो. मी तोंड उघडलंसुद्धा. जॉयलीनने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसले.

“घरी... माझं... वाक्य... वर्ना... पूर्ण करते.”

सगळी सभा हसली. ती महापौरीणसुद्धा. माझे कान तापले. माझा नवरा माझं हसं करायला एवढ्या लांब आला होता तर!

तो हसण्यासाठी थांबला नव्हता. तो पुढचा शब्द शोधत होता. हळूहळू लोकांच्या ते लक्षात आलं आणि हसणं बंद पडलं.

“जेटीवर... ते... मलाच... करावं... लागतं.”

वेळेची घंटा वाजली. महापौरबाई हळूच म्हणाल्या, “आभारी आहे, मिस्टर ट्रेझाइज.”

“माझं...” कॉलिन म्हणाला, “झालं... नाही.”

घंटा वाजवणारी मुलगी घंटेवर हात ठेवून बसली.

“ती... चांगली बाई... आहे,” तो म्हणाला. “पण... पूर्ण करते... ते... माझं... नसतं.”

मग तो बसला. मी समोरच्या गालिच्याकडे बघत होते. निळा गालिचा, त्यावर काउन्सिलचं चिन्ह, अत्यंत भिकार चित्र. तेवढ्यापुरतं मला ते चिन्हच दिसत होतं. दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या घरात एकटीच बोलत होते, दोघांच्या वतीने.

मतदान झालं. पर्यटनाची फांदी कापलेली ती कापलेलीच. मासेमारी राज्य सरकारचं काम, असं म्हणून तीही काढली. भिंतीवर दोन रेघा नाहीशा झाल्या. जेटी पडली नाही. शाळा, सुरक्षा आणि आरोग्य यांना धरून तिथेच राहिली. बहुमताने मंजूर. कुंपण नाही, यंदा खांब बदलणार. डॅरिलने मला मिठी मारली, अंगाला पेट्रोलचा वास, आणि म्हणाला, “बाई, राजीनामा मला काही मिळालेला नाही बरं का.” गाढव आहे. मी बघते म्हटलं.

परत येताना गाडी मी चालवत होते. माफी मागायची मला सवय नाही, आणि गाडीत तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंना नुकतीच पेरलेली रानं. धान्याच्या कोठारांपाशी कॉलिन म्हणाला, “वर्ना... उद्या...”

मी दात आवळले. उद्या स्क्विड. उद्या थानला सांगायचंय. उद्या जेवायला चॉप्स कर. उद्या तरी मला एकट्याला सोड. सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. कोठारं मागे गेली. क्रिकेटचं मैदान गेलं. दफनभूमी गेली. मी माझ्या आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेली नाही, झोपेत सोडून. डॅरिलचा पंप आला, गेला, आमची गल्ली आली, मी गाडी आत घेतली.

“उद्या... तू... पण... ये.”

हे माझ्या कुठल्याच वाक्यात नव्हतं.

“थंडी असते रे तिथे,” मी म्हटलं. “आणि तो वास. आणि तो थान मला जाळ्यावरून बोलतो.” मग म्हटलं, “किती वाजता?”

त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली. मी गाडी बंद केली आणि बसून राहिले.